रेषेपाशी थांबणारा आर्लो

मंगळवारी सकाळी बर्निस वाइगलच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी चर्चच्या विक्रीसाठी बीरॉक करत होतो. मी कोबी-खिम्याचं सारण भरून कणकेची तोंडं मिटत होते, ती ट्रेमध्ये ओळीने मांडत होती. टेबलाच्या टोकाला तिचा सव्वासहा फुटी लेक आर्लो चौथं अंडं संपवत होता. आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीसाठी पोरगा चार तास गाडी हाकत घरी आला होता. तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली.

आमच्या नॉयडॉर्फमध्ये टकटक कुणी करत नाही. मागच्या दाराने हाक मारत थेट चुलीपाशी यायचं. पुढचं दार पाद्री, पोलीस आणि विमावाल्यांचं.

पिठाचे हात वर धरून बर्निस म्हणाली, "कोण गेलं?"

दारात मर्ल स्टेक्लाइन उभा होता. गावच्या धान्यकोठाराचा व्यवस्थापक. टोपी हातात, शर्ट इस्त्रीचा.

"मर्ल, तू? मागचं दार झिजलं काय रे?"

"आज कामाने आलोय बर्निस. रीतसर."

काम असं होतं की कोठाराच्या मनोऱ्यावर आर्लोचं नाव रंगवायचं होतं. तो पांढरा मनोरा दहा मैलांवरून दिसतो. शहरातल्या मोठ्या अमेरिकी फुटबॉलच्या संघात, हातांनी फेकायच्या खेळात, आर्लो तिसरा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू आधी ज्याच्या हातात येतो आणि पुढे फेकतो तो. पहिले दोघे धडधाकट असेपर्यंत तिसऱ्याने डोक्यावर टोपी, हातात कागद घेऊन कडेला उभं राहायचं. दोन वर्षं तो तसाच उभा होता. पण आता पहिल्याचा अंगठा मोडला होता, दुसऱ्याचा गुडघा गेला होता, आणि येत्या रविवारी आर्लो सुरुवातीपासून खेळणार होता.

"आधी खेळू तर द्या, मिस्टर स्टेक्लाइन," आर्लो कानापर्यंत लाल झाला. "माती खाल्ली तर खरवडायला पुन्हा शिडी लावावी लागेल तुम्हाला."

"म्हणून तर रंग हलक्यातला आणलाय," मर्ल म्हणाला.

हसलो सगळेच. पण आर्लोचा काटा बशीतच थबकला. त्याला कशाची धास्ती आहे, ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आर्लो शाळेत होता तेव्हा वरच्या चार वर्गांत मिळून मुलगे नऊ. त्यातला एक दम्याचा, तिघे बँडमध्ये. उरले पाच. आमच्याकडे फुटबॉल सहा जणांचा असतो, तरीही एक कमीच. मग आर्लोची बहीण ट्रूडी, त्याच्याहून वर्षाने मोठी, हेल्मेटमध्ये वेणी कोंबून मैदानात उतरली. वाकून पायांमधून चेंडू मागे द्यायचा, हे तिचं काम. आर्लोने तो झेलायचा.

सहा जणांच्या खेळाचा एक नियम आहे. ज्याच्या हातात चेंडू पहिल्यांदा येतो, त्याने डाव जिथून सुरू झाला ती रेषा स्वतः ओलांडून पळायचं नाही. आधी दुसऱ्याला द्यायचा. आर्लो तो बहुतेक वेळा वळसा घालून मागे आलेल्या ट्रूडीलाच परत द्यायचा. न बघता. ती कुठे असेल हे त्याच्या हाताला ठाऊक असायचं. तीन हंगाम त्या दोघांनी शेजारच्या गावांना नुसतं पळवलं. बर्निस कुंपणाबाहेरून ओरडायची, "अगं, दात सांभाळ!" दात राहिले. कोपर एकदा निखळलं, तेही सायकलवरून पडून.

पुढे लांब फेकीच्या जोरावर आर्लोला कॉलेजात जागा मिळाली. तिथे खेळ अकरा जणांचा. नियम वेगळे, चेंडू घेऊन स्वतः पळायची मुभा, आणि ते त्याला तोंडपाठ होते. पायांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एका सामन्यात समोर अख्खं मैदान मोकळं पडलं. आर्लो रेषेपर्यंत वाऱ्यासारखा आला आणि कुंपणाची तार लागावी तसा थांबला. वळून त्याने चेंडू मागे टाकला. मागे कुणी नव्हतं. समोरच्या संघातल्या एका जाड्याने तो उचलला आणि डुलत डुलत शेवटपर्यंत नेला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. प्रशिक्षक म्हणाले, "तिसऱ्यांदा थांबलास तर पुढच्या वर्षी बँडमध्ये ढोल वाजव."

नाताळच्या सुट्टीत तो घरी आला तो मान खाली घालून.  ट्रूडी त्याला ज्वारी काढलेल्या रानात घेऊन गेली, वाकून चेंडू दिला आणि सरळ चालत जाऊन ट्रकच्या फळीवर बसली. आर्लो पळाला, थांबला, वळला.

"कोण आहे मागे?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग पळ की गाढवा!"

रोज दीडशे वेळा. शेजारच्या आमच्या खिडकीतून दिसायचं. नाताळ उलटेपर्यंत तो थांबायचा, नव्या वर्षात अडखळायचा, आणि सुट्टी संपता संपता एका सकाळी जो पळाला तो पार श्मिटांच्या कुंपणापर्यंत गेला. ट्रूडी फळीवरून उठलीसुद्धा नाही. सफरचंद खात राहिली. त्यानंतर कॉलेजात तो कधी थांबला नाही.

मर्लने आता भट्टीतून नुकताच निघालेला एक बीरॉक उचलला होता, तो गरम निघाला म्हणून हातातल्या हातात नाचवत होता. "गावाला तुझ्याकडून फुकट काही नको," तो म्हणाला. "नाव रंगवू देतोयस, तर तूही काही माग. मैदानाला नवं कुंपण? बाकडी?"

आर्लोने बशी सरकवली. "मागच्या आठवड्यात सरावात मी थांबलो होतो. अर्धं पाऊल. बाकी कुणाला कळलं नाही."

बर्निसने ट्रे बाजूला सारला.

"रविवारी तर हजारो माणसं ओरडत असतील," तो म्हणाला, "मागे कोण आहे, कोण नाही, पायांना कळेनासं होईल. ट्रूडी वर प्रेक्षकांत खुर्चीत बसलेली दिसली, की ती माझ्यामागे नाही हे पायांना कळेल."

मर्लने चावायचं थांबवलं. ट्रूडी त्याच्याच कोठारावर वजनकाटा सांभाळते. ज्वारीचा हंगाम ऐन भरात, रविवारीसुद्धा ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत. या दिवसांत मर्लने स्वतःच्या लेकीच्या लग्नालाही अर्ध्याच दिवसाची रजा घेतली होती.

"अरे, ती काट्यावर नसेल तर..."

"नाव रंगवा नाहीतर राहू द्या, मिस्टर स्टेक्लाइन," आर्लो म्हणाला. "ट्रूडीला रविवारी सुट्टी द्या."