जमनाचं कपाट आणि कापलेल्या खुंट्या

मंडळी, आधी एकेकाची खुशाली कळू द्या. जळगावचे वासुदेवराव, गुडघ्यांना एरंडाचं तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघता? यावलच्या काशीताई, मोतीबिंदू उतरवला का? पाचोऱ्याच्या दिगंबरपंतांचा नातू तापातून उठून खाऊपिऊ लागला का? माझी कंबर कुरकुर करते, पण तिची खोडच तशी आहे. बाकी ठीक.

आपलं हे फिरतं पत्र एकाने वाचून पुढच्याला धाडायचं, असं ठरलेलं आहे. एरवी यात फोनोग्राफ, तबकड्या आणि त्यांच्या जुन्या कपाटांच्या गोष्टी असतात. या खेपेलाही कपाटच आहे. फक्त वाचून झाल्यावर हसू येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नंदुरबारला मिरचीची दलाली करणारे माझे स्नेही गोविंदभाई यांचं कार्ड आलं. "आप्पा, जमनाचं कपाट होळीत जायचं घाटतंय. त्याआधी या." जमना त्यांची एकुलती एक लेक. हत्यारांची पेटी उचलली आणि अमळनेर सोडलं.

तुमच्यापैकी कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर सकाळची गाडी धरा आणि पाणी घरचं घ्या. डब्यात लष्कराच्या सामानाचीच गर्दी. दोंडाईचा गेलं की उन्हाला धार येते. नंदुरबार खिडकीतून दिसायच्या आधी नाकाला कळतं. स्टेशनाबाहेर पडल्यावर दोन्ही अंगांना मिरची वाळत घातलेली, जमीन दिसतच नाही. उपरणं नाकावर बांधा, नाहीतर माझ्यासारखे शिंकत शिंकत यजमानाच्या दारात उभे राहाल. मुक्कामाला जेवण साधंच, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पण त्या रात्री गोविंदभाईंना घास उतरत नव्हता.

त्यांनी सगळं सांगितलं. जमना लहान असताना अक्कलकुव्याला एका बदली झालेल्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात हे कपाट मिळालं. उथळ खण आणि खणाखणात उभ्या लाकडी खुंट्या. कशाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जमनाच्या आईने सहज एका खुंटीवर बांगड्या घातल्या. त्या अशा बसल्या की घरात त्याचं नावच बांगड्यांचं कपाट पडलं. पुढे आई वारली. लेकीच्या लग्नात कपाट तिच्याबरोबर सासरी गेलं. गेल्या पावसाळ्यात जावई तापाने गेला. जमनाच्या हातातल्या बांगड्या फुटल्या, कपाटातल्या वाटून टाकल्या. आता सासू म्हणते, विधवेच्या खोलीत बांगड्यांचं कपाट नको, होळीला द्या.

"पोरीनं माझ्याकडे आजवर काही मागितलं नाही," गोविंदभाई म्हणाले. "आईचा हात लागलेली तेवढी एकच वस्तू आहे, ती राहू द्या म्हणते. आप्पा, तुम्ही जाणकार. ते बांगड्यांचं नाही एवढं पटवून द्या."

दुसऱ्या दिवशी जमनाच्या सासरी जायला दोघांनी प्रकाशा गावाकडची मोटार धरली. लढाईमुळे हल्ली पेट्रोल मिळत नाही, मोटार कोळशाच्या वायूवर चालते. मागे भट्टी, आत आपण. चढ लागला की उतारूंनी उतरायचं. एक म्हातारा ढकलता ढकलता म्हणाला, "भाडं बी आमीच देवानं आन ढकलानं बी आमीच." ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला, "आबा, तुमी बसाले येतस का बोलाले?" त्या प्रवासात हसलो ते तेवढंच. प्रकाशाच्या अलीकडे उतरून तापीकाठाने बैलगाडी. कपाशी वेचून झालेली, केळीच्या बागा हिरव्यागार, आणि गावात शिरताना होळीसाठी रचलेल्या लाकडांचा ढीग. गोविंदभाईंनी तिकडे बघितलं नाही.

जमनाची सासू रेवाबाई ओट्यावर बसली होती. कृश, ताठ, कपाळ मोकळं. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "कपाट दखाले इतला लांब उनात? दखा मंग."

खोलीत जाऊन कपाटाचा पहिला खण ओढला आणि ओळख पटली. मंडळी, ओळखायच्या खुणा सांगतो, लक्षात ठेवा. खणाची उंची फोनोग्राफच्या मेणाच्या नळीपेक्षा बोटभर जास्त. खुंट्यांमधलं अंतर असं की नळीला नळी लागू नये. खुंटीभोवती बनातीची, मऊ लोकरी कापडाची पट्टी, म्हणजे मेण ओरखडत नाही. कोपऱ्यात पांढरी भुकटी होती, ती मेणाला धरणारी बुरशी. तबकड्या यायच्या आधी फोनोग्राफवर ज्या नळ्या वाजायच्या, त्या ठेवायचं ते अस्सल कपाट होतं. असं इतक्या वर्षांत मी एकदाच पाहिलं होतं, तेही मोडकं.

आनंदाच्या भरात मी तिथेच बैठक मारली. तळाला वाळवीने खाल्लेला पाय कापून सागाचा जोडला. सरस उकळून सांधे बसवले. अडकणाऱ्या खणांच्या कडांना मेण चोळलं, लाखेचं पॉलिश दिलं. एकही खुंटी हलवली नाही. मूळ अंगाला हात लावायचा नाही, हे मीच तुम्हाला दर पत्रात बजावतो ना. दुसऱ्या दिवशी दुपार कलेपर्यंत काम चाललं. जमना दाराआडून दिवा, पाणी, चिंध्या पुढे करायची. एकदा तिने खण आत ढकलून पाहिला आणि तो आवाज न करता गेला, तेव्हा तिच्या तोंडावर काहीतरी हललं.

मग मी ओट्यावर जाऊन सांगितलं. अगदी फुशारकीने सांगितलं. "रेवाबाई, हे बांगड्यांचं कपाट नाहीच. हे गाण्याचं कपाट आहे."

तिने तांब्या बाजूला सारला.

"गानास्नं?" ती म्हणाली. "नवरा जाईसन साल नही झाया, आन तिन्ही खोलीमा गानास्नं कपाट? आप्पा, बांगड्यास्नं व्हतं तेच बरं व्हतं. लोके काय म्हनतीन?"

"आता गाणी नाहीत त्यात. रिकामं आहे."

"बांगड्या बी नही शेत त्यामा. तरी बठा गावले माहीत शे ना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मन्हा आंडोर, मन्हा पोऱ्या गया, आप्पा. मन्हा बी नवरा तरनपनीच गयथा. तवय मन्ही बांगड्यास्नी पेटी लोकेस्नी होळीले दिधी. माले कोनी इचारं नही."

गोविंदभाई खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. मी सोडवायला आलो आणि गाठ आणखी आवळून बसलो.

तेवढ्यात दाराआडून जमना बोलली. माझ्यासमोर पहिल्यांदाच. "आप्पा, खुट्या काढी टाका. मंग ते कसानंच ऱ्हावाव नही."

खुंट्या गेल्या की ते बांगड्यांचंही नाही, गाण्याचंही नाही. नुसतं लाकूड. तिला तेवढंच हवं होतं, आईचा हात लागलेलं लाकूड.

मी रेवाबाईकडे पाहिलं. ती नको म्हणाली नाही.

बारीक दाताची करवत घेतली. खण मांडीवर घ्यायचा, खुंटी बुडाशी कापायची, काचकागदाने बुंधा घासायचा. लाकूड जुनं आणि चिवट, करवत अडायची. बनातीच्या पट्ट्याही उतरल्या. कापलेल्या खुंट्या रेवाबाईने पदरात गोळा केल्या. मनात आलं, एक तरी मागून घ्यावी. पण त्या बाईकडे पाहून तोंड उघडलं नाही.

शेवटचा खण मी बसवला. ती उठली, तो ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. "बरं सरकस," म्हणाली. "ज्वारीनं बियानं ठेव यामा, जमना. तुन्हा खोलीमाच ऱ्हावू दे."

संध्याकाळी होळी पेटली. खुंट्या तिने स्वतः टाकल्या. पॉलिशमुळे त्या पटकन पेटल्या, जरा वेगळ्या रंगाने जळल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. जमना अंगणापुढे आली नव्हती. आत खण सरकल्याचा आवाजही आला नाही, कारण मेण मीच चोळलं होतं.

परतीला गोविंदभाईंनी नंदुरबार स्टेशनवर मिरचीची पिशवी हातात दिली आणि खांद्यावर हात ठेवला. बस.

घरी येऊन आठ-पंधरा दिवस झाले. करवतीच्या दातांत अजून तो भुसा आहे, पुसायला धजावत नाही. इतकं अस्सल कपाट मी माझ्या हातांनी बिघडवलं, आणि आयुष्यात नीट केलेलं तेच एक, असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं. एक मात्र तुम्हा सगळ्यांना सांगणं आहे. पुढेमागे तापीकाठी कुठे उथळ खणांचं कपाट दिसलं आणि तळाशी घासलेल्या बुंध्यांचे गोल डाग दिसले, तर त्याला नकली म्हणू नका. नव्या खुंट्याही बसवू नका. कुणाच्या खोलीत होतं ते विचारा, बियाणं असेल तर ते तसंच राहू द्या, आणि खण हळूच लावून घ्या.

काशीताई, तुमचे डोळे बरे असोत वा नसोत, कुणाकडून तरी दोन ओळी लिहवून धाडा. बाकीच्यांनीही उशीर करू नका. या खेपेला उत्तराची वाट जरा जास्तच बघतो आहे.

तुमचा,
आप्पा