धुऱ्यावरची चाल

बाळांनो, तुम्ही आजोबांचा फोटो चालता करून पाठवलात, त्याला महिना होत आला. मी तेव्हा "छान" एवढंच कळवलं. बाकीचं आज लिहिते, कारण आणखी थांबले तर खरं काय होतं ते माझ्याकडूनच पुसलं जाईल.

सकाळी चहा गाळत होते. फोन वाजला म्हणून उघडला, तर फोटोत खुर्चीवर बसलेले आजोबा उठले आणि माझ्याकडे चालत आले. त्यांना जाऊन वर्षं झालीत. चहा पायावर सांडला तेव्हा कळलं की गाळणी हातातून सुटली आहे. दिवसभर तेच पाहत बसले. इथे गावात, कुडव्यात, जो दारी आला त्याला दाखवलं.

मग सालेकशाहून आजोबांची धाकटी बहीण आली. तिने फोन लांब धरून दोनदा पाहिला.

"हा कोन चालून रायला, वयनी?"

"अहो ताई, तुमचे दादाच."

"दादा नोहे. दादा असा हात फेकत काऊन चालल? फौजेत होता का तो?"

खरंच होतं त्यांचं. जन्मभर धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, गेलेला माणूस. एका पावलापुढे नेमकं दुसरं पाऊल, हात अंगाशी. गोंदियाच्या रुंद रस्त्यावरही तसेच चालायचे. किराणावाला हसायचा, "काका, यहाँ मेड़ नहीं है, आराम से चलो." मेड़ म्हणजे आपला धुराच. आणि धुऱ्यावर त्यांच्या मागे असायचे मी. त्या टाचा माझ्याइतक्या कोणी पाहिल्या नसतील.

मी डोळे मिटले. समोर फोनमधलेच आजोबा हात हलवत आले. पुन्हा मिटले, पुन्हा तेच. त्यांची खरी चाल आठवेचना.

ताईंना म्हटलं, अंगणात दादांसारखं चालून दाखवा. गुडघ्यांच्या नावाने त्या कुरकुरल्या, मग पदर खोचून फरशीच्या एका रेघेवरून चालल्या. मी त्यांचे पाय फोनवर टिपले. चलचित्र म्हणजे थोडी थोडी बदलत जाणारी पुष्कळ चित्रं, हे तुम्हीच मला समजावलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे तुकडे कापले, फोन थांबवत थांबवत एकेक पाऊल पेन्सिलीने काढलं, नेसूचं धोतर आठवणीने घातलं आणि गठ्ठा दोऱ्याने शिवला.

अंगठ्याखालून पानं सोडली. टाच उचलली गेली आणि पुढच्या पावलाच्या रेषेत पडली. पुन्हा दचकले. या वेळी ओळखून.

तुमचं चित्र मी पुसलेलं नाही. ते पाहिलं नसतं तर या वयात पेन्सिल हातात धरली नसती. पण त्यांची चाल त्यात नाही, आणि मला त्यांचा चेहरा काढता आला नाही.

चेहरा तुमच्याकडे आहे. चाल माझ्या टेबलाच्या खणात आहे.