शेकाच्या खोलीबाहेर

आमच्याकडे मोठ्या जावेला ‘बाई’ म्हणतात आणि सासूला ‘मामी’. मी लग्न होऊन अड्याळजवळच्या त्या गावात आले तेव्हा या दोघींचं बिलकुल पटत नव्हतं. भात मोकळा झाला तरी कटकट, गिचका झाला तरी कटकट. त्यात मी तिसरी, डोकं जन्मापासून गरम. शेजारच्या बायांचा वेळ चांगला जायचा.

एका दुपारी बाईने मला न्हाणीत पाठ चोळायला बोलावलं आणि माझा हात धरून आपल्या छातीवरच्या गाठीवर ठेवला. सुपारीएवढी होती, आणि टणक. किती दिवसांची म्हणून विचारलं, तर म्हणाली, दिवाळीआधी धान निसवलं, लोंब्या आल्या तेव्हापासून. तोवर होळी जवळ आली होती.

“मंग आतापर्यंत काहून नाही सांगितलं?” मी ओरडलेच.

“दुखत नव्हतं ना वं. कापणी-चुरणी होऊन जाऊ दे म्हटलं.”

मला इतका संताप आला की तांब्या तिथेच आपटला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कॅन्सर निघाला. भासरे, म्हणजे बाईचे मालक, म्हणाले की हा शब्द गावात कोणी काढायचा नाही. गावाला तो आमच्याआधी कळला होता. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, एक बाजू काढून टाकली. नंतर शेजारच्या एकीने येऊन मला हळूच सांगितलं की बाईचं ताट-वाटी वेगळं ठेवत जा, हा रोग लागते. मी म्हटलं, “तुमी आधी तुमची जीभ वेगळी ठेवा.” ती पुन्हा आमच्या अंगणात आली नाही, बरंच झालं.

ऑपरेशननंतर शेक घ्यायचा होता. मशीनमधून निघणाऱ्या किरणांना दवाखान्यात सगळे शेक म्हणायचे. रोज थोडा थोडा, असे बरेच आठवडे. शेक नेमका कुठे द्यायचा ते कळावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाईच्या छातीवर आणि काखेखाली जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या. तिथे तेल नको, साबण नको, पाणीही नको, रेघ पुसली जाऊ देऊ नका, असं बजावून सांगितलं. आम्ही नागपूरला एका नातेवाइकाच्या खोलीत राहायचो आणि रविवारची सुटी आली की एसटीने गावाकडे यायचो.

अशाच एका सुटीत रोवणी, म्हणजे भाताची लावणी, जोरात होती. मजूर मिळत नव्हते, म्हणून मीही बांधीत उतरले होते. बाई घरी पडून होती. दमट हवा, अंगाला नुसता घाम, आणि त्या घामाने रेघा फिकट व्हायला लागल्या. मामी घाबरल्या. रेघ गेली तर सून गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात. मग त्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे पक्का इलाज केला. आमच्या घरचे कपडे वरठी धुवायला न्यायचा तेव्हा अदलाबदल होऊ नये म्हणून धोतराच्या कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण करत. कितीही आपटा, कापड फाटेल पण खूण जाणार नाही. मामींनी चुलीवर बिब्बा गरम केला, त्यात सुई बुडवली आणि मोठ्या मायेने डॉक्टरीणबाईंच्या रेघेवरून रेघ ओढली. बाईही गप पडून राहिली. तिलाही ते पटलं होतं!

दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. रेघेरेघेने फोड आले, कातडी लाल झाली, बाई दिवसभर विव्हळत होती. मामी कोपऱ्यात बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होत्या. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. “बिब्बा? अंगावर?” त्यांनी शेक थांबवला. फोड पूर्ण सुकले की लगेच या, म्हणाल्या, शेक अर्धवट सोडलात तर ऑपरेशन करून उपयोग काय.

आम्ही गावी परत आलो, फोड सुकले. खपल्या पडल्या. पण बाई उठेना. “मी नाही जात,” एवढंच. भासरे म्हणाले, “नाही म्हणते तं राहू द्या. तिचा जीव किती जाळाचा?” आमच्याकडे धाकट्या सुनेने भासऱ्यासमोर तोंड उघडायची पद्धत नव्हती. मी दाराच्या आडून, डोक्यावर पदर घेऊन, पण चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, “बैल आजारी पडला तं तुमी भंडाऱ्यापर्यंत चालत जाता. बाईसाठी एसटीत बसणं जीवावर येते का?” भासरे अंगणात निघून गेले.

मग मी बाईकडे वळले. “तुमी मरा खुशाल. तुमच्या पोट्ट्यांले मी नाही पाहणार, आताच सांगून ठेवतो.”

बाई रडायला लागली. “मले जळण्याची भीती नाही वं,” ती म्हणाली. “त्या खोलीत मले टेबलावर झोपवतात. हलू नको म्हणतात. आन् मंग सारेच्या सारे बाहेर पळतात. नर्स पळते, डॉक्टरीण पळते. एवढं जाड दार लावून घेतात. जिथं डॉक्टर थांबत नाही तिथं मीच एकटीनं काहून राहावं? मेल्यावर मसणात टाकून येतात तसं वाटते मले.”

इतके दिवस मी तिच्यासोबत त्या दारापर्यंत जात होते आणि बाकावर बसून शेंगा खात होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

कोपऱ्यातून मामी उठल्या. भंडाऱ्याच्या पलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या, एसटीत बसलं की त्यांना उलटी व्हायची. त्यांनी लुगडं गाठोड्यात बांधलं. “उद्या मी येतो तुह्यासंग,” त्या बाईला म्हणाल्या. “दाराच्या बाहेर उभी राहून बोलत राहीन. माहा आवाज सोडणार नाही तुले.”

“तुमचा आवाज तं मले घरीबी सोडत नाही,” बाई रडता रडता म्हणाली. पण सकाळी उठून तयार झाली.

मामींना पवनी फाट्यापासून उलट्या सुरू झाल्या त्या नागपूर येईपर्यंत. दवाखान्यात त्यांनी तोंड धुतलं, पदर खोचला आणि मी बाईला आत पोचवून बाहेर आले तेव्हा त्या दाराला जवळजवळ चिकटूनच उभ्या होत्या. मशीनवाल्याने हटकलं. “तू तुहं काम कर ना बापा, मी माहं करून राहिली,” त्या म्हणाल्या. तो हसला आणि दार लोटलं.

मामींनी सुरुवात केली. बांधीत पाणी किती आहे, म्हैस कोणाच्या वाडीत शिरली, कोणाची सून माहेरी पळाली, बाईने कोणत्या वर्षी कढीत मीठ दोनदा टाकलं. व्हरांड्यातल्या बाया गोळा झाल्या. मामींचा आवाज फाटला तरी त्या थांबेनात. पुढे बाईने दोन सुना आणल्या आणि दोघींशी यथेच्छ भांडली, पण ते नंतरचं. त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं. मी मामींच्या मागे उभी होते आणि मनात फक्त एवढंच होतं की बाईने त्या टेबलावरून उठून येऊ नये.

दार उघडलं. बाई पदर सावरत बाहेर आली. त्या दिवशीचा शेक पूर्ण झाला होता.

मामी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “आलं का वं ऐकू?”

“नाही,” बाई म्हणाली. “काहीच नाही आलं.”

मामींचा चेहरा पडला. “मंग?”

“मंग काय,” बाईने त्यांचा हात धरला. “उद्या पुन्हा बोला.”