सावकाश गळणारा कागद

कागदीकाका कॉफीचा फिल्टर-कागद विकत घेण्याआधी तो वाजवून बघत. चिमटीत धरून कानाशी न्यायचा, एक झटका द्यायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. त्या खडखडाटाने दुकानातलं मांजर उठून बसे आणि बाहेर रस्त्यावर ट्राम थांबे. कोलकात्याच्या बेहाला भागातली ट्राम बंद होऊन बरीच वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. पण आवाजच तसा होता.

चाळीस वर्षं त्यांनी एका कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत कागद ओढून, भिजवून, जाळून पाहिला होता. ते निवृत्त झाले आणि पुढे गिरणी बंद पडली. यात योगायोग आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही. बँकेने माझी कोलकात्याला बदली केली आणि मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो. खालच्या दारावरच्या पाटीवर मराठी आडनाव वाचून मी बेल वाजवली, तर दार उघडून हा माणूस म्हणाला, "आधी बसा. मग नाव सांगा."

फिल्टर घ्यायला ते मला सोबत नेत. दुकानदार मोंटूदाने वैतागून प्रत्येक जातीचं एकेक पाकीट त्यांच्यासाठी फोडूनच ठेवलं होतं. काका तपकिरी फिल्टरची कड जिभेला लावत आणि तोंड वाकडं करत. "हे सरकारी पाकीट आहे. कॉफीला डिंकाचा वास येईल." मग पातळ पांढरा उजेडासमोर धरत. "याच्यातून पलीकडचा मोंटू दिसतो."

"काकाबाबू, ओटाई तो सबाई नेय," मोंटूदा कळवळून सांगे. तोच तर सगळे नेतात.

"सगळे नेतात, म्हणजे कोणी चाखून बघितलेला नाही!"

असा तासभर दरबार भरवून शेवटी ते नेहमीचाच, सगळ्यांत जाड कागद घेत. मी एकदा विचारलं, "मग बाकीच्यांची परीक्षा कशाला?" तर म्हणाले, "उमेदवारांना संधी द्यावी लागते रे."

त्या जाड कागदातून कॉफी गळायची म्हणजे काय, ते रविवारी सकाळी कळे. पहिला थेंब पडायचा तेव्हा माझी दाढी गुळगुळीत असे. कप भरेपर्यंत ती छातीवर यायची. आणि इतकं थांबून मिळायचा तो काढा! कडू म्हणजे इतका कडू, की एकदा झुरळ कपाच्या काठावर आलं आणि माफी मागून परत गेलं.

पण तेवढ्या वेळात काका बोलत. आठवडाभर साठवलेलं मराठी सांडल्यासारखं बोलत. जन्म इथला, बाजारहाट बंगालीत, गिरणी हिंदीत आणि इंग्रजीत. मराठी बोलायच्या त्या काकू, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. टोरांटोहून मुलाचा फोन येई. काका मराठीत चार वाक्यं बोलत, तिकडून "ओके बाबा" येई. "घरात आता मराठी कळतं ते फक्त कुकरला," ते म्हणत, "आणि तो फार तापट आहे."

मला शहाणपण सुचलं. बंगळुरूला कामासाठी गेलो होतो, तिथून त्यांच्यासाठी एक भारी फिल्टर आणला. पातळ, पण दमदार. काकांनी वाजवला, चाखला, उजेडात धरला. "उत्तम कागद आहे," म्हणाले. रविवारी त्यातून तीन मिनिटांत कॉफी उतरली आणि शपथेवर सांगतो, तशी कॉफी मी जन्मात प्यायलो नव्हतो. गटागटा संपवली. कप रिकामा झाला की उठायचं, ही सवय. एरवी दुपार व्हायची, त्या दिवशी सव्वानऊलाच मी जिन्यात होतो. मागे वळून पाहिलं, तर काका किटली हातात धरून तसेच उभे.

पुढच्या रविवारी पुन्हा जाड कागद. "आणि तो नवा?" मी विचारलं.

"तो घाईच्या लोकांचा आहे," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "ही कडू लागली तर साखर घाल. तीही विरघळायला जरा वेळ घेते."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. त्यानंतर मी त्या काढ्याची इतकी स्तुती केली, की बँकेत एवढं खोटं बोललो असतो तर जनरल मॅनेजर झालो असतो.

अडीच वर्षांनी नाशिकची बदली आली. निघायचा दिवस नेमका रविवार. सामान टॅक्सीत चढवून मी निरोप घ्यायला आत आलो, तर काकांनी एकात एक असे तीन कागद घडी करून बसवले होते. पाणी ओतलं. ते वरच उभं राहिलं, तळ्यासारखं. मीही बसलो. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "उतरतंय, उतरतंय," काका म्हणाले. पुन्हा हॉर्न.

मग काकांनी चमचा उलटा धरला आणि त्याचा दांडा तिन्ही कागदांतून आरपार खुपसला. कपाळावर केवढी आठी उमटली होती! चोथ्यासकट सगळी कॉफी भसकन खाली आली.

"घे," ते म्हणाले. "पी आणि जा. गाडी चुकेल."

प्यायलो. सगळी, तळाच्या गाळासकट. विद्यासागर सेतू अर्धा ओलांडला तरी दातांखाली कॉफीचे कण येत होते. ड्रायव्हरने आरशात पाहून विचारलं, "पान खाच्छेन नाकि, दादा?"

हो, पानच खातोय, अशी मी मान डोलावली आणि चावत राहिलो.