गिटारीचं पोट आणि चतुर्थीची आरती

ये गो शुभा, अशी जवळ बस. तिथे पंख्याखाली नको, इथे माझ्या पाटाशेजारी. लांबून ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हे. आणि आधी कान पुढे कर, पिळते! सख्ख्या आतेकडे चतुर्थीला यायचं सोडून वाळपईला बसून राहिलीस, आणि फोनवर पाठवलंस काय, तर सोंड हलवणारा गणपती! त्याला मी नैवेद्याची नेवरी कुठे ठेवू, सांग? मोबाइलच्या काचेवर?

बरं, असू दे. कोण काय सांगत फिरतंय ते मला कळलंय, म्हणून माझ्याच तोंडून ऐक. आमच्या गिटारीतून उंदीर निघाला, हे खरं आहे. पण तो मी पाळलेला नव्हता.

गिटार आमच्या नितूची. आधी हा मोरजीला एका हॉटेलात सीझनभर वाजवायचा, आता बोटीवर वाजवतो. जाताना ही लाडकी गिटार घरी ठेवून गेला. खाऱ्या वाऱ्यात लाकूड फुगतं म्हणे. (त्याची आई जन्मभर खाऱ्या वाऱ्यात राहून फुगली, त्याचं कुणाला काही नाही!) तर ही साधी गिटार नव्हे. विजेवर चालणारी, पण आतून अख्खी पोकळ. पोट हे एवढं, चार दिवस सासुरवाडीला राहून आलेल्या जावयासारखं, आणि पोटावर दोन्ही बाजूंना विळ्यासारख्या वाकड्या फटी. आता पोकळ वस्तू घरात रिकामी पडलेली मला बघवत नाही. डबा असता तर मी त्यात उडीद भरले असते. गिटार होती म्हणून शिकले.

शिकवायला कोण? मोबाइलवरचा एक दाढीवाला पोर. तो इंग्रजीत बोलायचा, मी नुसती बोटं बघायची. आमचं छान जमलं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, ती तुला म्हणून सांगते. आमच्या वाड्यावर आरतीचं वाजप पुरुषांचं. मडक्याला कातडं ताणलेलं घुमट, शामेळ, कासाळीच्या झांजा, सुरांची पेटी, सगळं त्यांच्याकडे. आम्ही बायकांनी स्वयंपाकघराच्या दारातून, हाताला पीठ लागलेलं तसंच, माना डोलवायच्या. लग्न होऊन आमोण्याला आले तेव्हापासून मला त्या वाजपात बसायचं होतं. या चतुर्थीला धीर करून मी बाबलला विचारलं. बाबल म्हणजे आमच्या आरतीचा म्होरक्या. घुमट त्याच्या गळ्यात नसलं तर लोक त्याला ओळखत नाहीत.

त्याने हनुवटी खाजवली. मग म्हणाला, "वहिनी, एक आरती वाजवा. शोभली तर विसर्जनापर्यंत आमच्यात बसा. नाही शोभली तर..."

"तर?"

"तर नेवऱ्या तुम्ही फार सुंदर करता."

कळलं ना, काय पणाला लागलं होतं ते? एक आरती! नाही तर जन्मभर झारा!

मी लगेच नितूला फोन लावला. तो म्हणाला, "आई, कपाटात माझी काळी पेटी आहे बघ, पायाने दाबायच्या बटणांची. गिटार तिच्यात लाव. तिच्या पोटात शंभर अ‍ॅम्प आहेत."

"एवढ्याशा पेटीत शंभर?"

"खरे नव्हेत गो, नक्कल. बटण दाबशील तसा आवाज बदलतो."

"म्हणजे दशावतारी! तोच नट, तोंडाला रंग फासला की देव, पुसून दुसरा फासला की राक्षस!"

"हां, अगदी तसं. पण लक्षात ठेव, गिटार पोकळ आहे. मोठ्या अ‍ॅम्पसमोर तिला बसवू नकोस. तिचा आवाज अ‍ॅम्पमधून बाहेर येतो, तो परत तिच्याच पोटात शिरतो, पोटातून परत अ‍ॅम्पमध्ये, आणि मग ती बोंब मारत सुटते."

आपलंच बोलणं आपल्या कानी येऊन माणूस आणखी मोठ्याने बोलतो, तसं. (आमच्या पेडण्याच्या माहेरी सगळे असेच आहेत, म्हणून मला चटकन समजलं.)

मी बटणांवर कुंकवाने खुणा केल्या. पहिलं देव, मधलं राजा, शेवटचं राक्षस. कानाला हेडफोन लावून सरावाला बसले. अहाहा! माझ्या कानात नुसता स्वर्ग! पण तो माझ्याच कानात. बाहेर सगळ्यांना ऐकू काय यायचं, तर टक, टक, टक.

थोरल्या जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "सुलू, शेंगा सोलतेस की काय गो?"

"आरती वाजवतेय, वहिनी."

"हं. देवाला तरी ऐकू येतेय का?"

ते काही खोटं नव्हतं. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी नितूचा छोटा अ‍ॅम्प लावला आणि आमच्या ह्यांना म्हटलं, घुमट घेऊन बसा बघू समोर. ह्यांनी पहिली थाप मारली आणि माझी गिटार गेलीच! मी वाजवतेय, बोटं दुखतायत, आवाज नावाला नाही.

"अगो, घुमटापुढे हे म्हणजे ढोलापुढे बांगडी," हे म्हणाले. "थांब, मंडळाचा मोठा अ‍ॅम्प आणतो."

"नितू नको म्हणालाय ना!"

"नितू बोटीवर आहे. घुमट इथे आहे."

आणलाच! अ‍ॅम्प कसला, उभं कपाट! त्याला काळी पेटी जोडली, पेटीला गिटार. हे म्हणाले, "हां, मार!" मी मारायच्या आधीच गिटारीने स्वतः होऊन तोंड उघडलं. कुईंऽऽऽ! काय सांगू, जनेलाच्या काचा थरथरल्या, गोठ्यातल्या म्हशीने दावं ओढलं, आणि पाव घेऊन दारात आलेला पोदेर भोंपू न वाजवताच सायकल वळवून निघून गेला. त्या दिवशी आम्हाला पाव नाही!

हे मात्र शांत. घुमटवाला माणूस! गिटारीभोवती एक फेरी मारली, तिच्या पोटावर टिचकी मारली, फटींत डोळा लावून बघितलं, आणि म्हणाले, "अगो, ही तर घुमटाचीच बहीण! घुमटाच्या मागच्या तोंडावर हात धरला की आवाज आवळतो. हिचीही तोंडं बंद कर."

मी नितूला विचारलं. तो म्हणाला, "बाबांचं बरोबर आहे! स्पंजाचे तुकडे फटींत बसव."

आता चतुर्थीच्या आदल्या दिवशी, बाजारात पाय ठेवायला जागा नाही, मी स्पंज कुठून आणू? समोर परातीत नेवऱ्यांचं पीठ मळून ठेवलेलं. छान घट्ट, तुपाचं मोहन घातलेलं. घेतला एक गोळा, वळली लांब वळी, फटीच्या वळणावळणाने दाबून बसवली. कडेला नेवरीसारखी मुरड पण घातली, हाताला सवय!

"हां, मार," हे म्हणाले.

मारलं. आणि शुभा, काय सांगू तुला, बोंब बंद! मोठा अ‍ॅम्प, पोकळ गिटार, दशावतारी पेटी, तिघंही एका पंगतीत बसल्यासारखी गुण्यागोविंदाने वाजायला लागली. घुमटाच्या वर आवाज! हे थाप मारतायत, मी तारा छेडतेय, दोघांना हसू आवरेना. बोटीवरच्या एवढ्या मोठमोठ्या लोकांना जे सुचलं नसेल ते आमोण्याच्या परातीत सापडलं, असं मी जाऊबाईंना ऐकवलंसुद्धा.

"पीठ तळून घे हो," त्या म्हणाल्या, "नाही तर आंबेल."

आंबायला ते उरलं तर ना! गिटार मी कोठीच्या खोलीत ठेवली, नारळांच्या राशीशेजारी. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आरतीसाठी उचलली, तर एका फटीतली वळी नाहीशी. मुरडीसकट! मला वाटलं, सुकून आत पडली असेल. हलवून बघितलं, तर आत काहीतरी मऊसं घरंगळलं. म्हटलं, आहे, आहे, पीठ आहे.

बाहेर सगळा वाडा जमलेला. गणपतीच्या डोक्यावर लाकडी माटोळी बांधलेली, तिला नारळ, तवशी, सुपारीचे घड, आणि मधोमध ह्यांनी कौतुकाने टांगलेला भला मोठा चिबूड. अ‍ॅम्पच्या कपाटाने एवढी जागा खाल्ली की पेटीवाल्या दामूला सरकत सरकत थेट माटोळीखाली बसावं लागलं. मी अ‍ॅम्पसमोर. पाय काळ्या पेटीपाशी. देवाचं बटण दाबलं. बाबलने माझ्याकडे बघून मान हलवली आणि आरती सुरू झाली.

सुरुवात अशी सुंदर झाली म्हणतेस! निदान मला तरी वाटली. जाऊबाई दारातून बघत होत्या, आणि त्यांची मान, त्यांना न विचारता, डोलायला लागली होती.

इतक्यात अ‍ॅम्पमधून आवाज आला. खुर्र, खुर्र.

बाबलने माझ्याकडे बघितलं. मी दामूकडे बघितलं. (आपल्याला काही कळलं नाही की दुसऱ्याकडे बघावं.) परत खुर्र, खुर्र, टक! पोकळ गिटार ती, तिच्या पोटात जे होईल ते सगळं कपाटातून गावाला ऐकू जाणार! मी खाली बघितलं, तर उघड्या फटीतून आधी दोन मिशा बाहेर आल्या, मग नाक, आणि मग नेवरीच्या पिठावर पोसलेला अख्खा उंदीर!

"उंदीऽऽर!" जाऊबाई किंचाळल्या. पण लगेच त्यांना जागा आठवली. "अगो, वाहन! गणपतीचं वाहन! हात जोडा, हात जोडा!" मग काय, अर्धा वाडा बाकावर चढला आणि बाकावर चढून हात जोडले!

वाहनाने माझ्या मांडीवरून उडी मारली ती दामूच्या पेटीवर, पेटीवरून त्याच्या सदऱ्यात. दामू उभाच राहिला, अगदी सरळ, आणि त्याचं डोकं गेलं माटोळीत. चिबूड सुटला. खाली पेटी! फच्च! पेटीने एक शेवटचा सुस्कारा टाकला आणि ती गप्प झाली. उंदीर मखराच्या मागे गेला, आपल्या मालकाकडे.

आणि मी? भीतीने माझे दोन्ही पाय वर गेले होते, ते खाली आले ते थेट राक्षसावर!

फट उघडी, अ‍ॅम्प समोर, राक्षस मोकळा! गिटारीच्या पोटातून असा हुंकार उठला की बस! आदल्या दिवशीची ती कुईं नव्हे, जाड, भरदार. ऊंऽऽऽऽ! मला हलायचं सुचेना. गिटार घट्ट छातीशी धरून मी डोळे मिटले.

पण आरती अर्ध्यावर मोडत नाहीत, शुभा. कापूर पेटलेला, ताट फिरतंय. बाबलने घुमटावर थाप मारली आणि डोळ्यांनीच सगळ्यांना दरडावलं, म्हणा! म्हणायला लागले. पेटी मेलेली, जो तो आपल्या मनाच्या सुरात, कोण डोंगरावर, कोण नदीत. आणि मग हळूहळू, काय झालं कुणास ठाऊक, एकेक आवाज त्या ऊंकाराला येऊन चिकटला. पुरुषांचे चिकटले, बाकावरच्या बायकांचे चिकटले. सगळा वाडा एका सुरात! आमच्या घरात अशी आरती मी कधी ऐकली नव्हती, आणि मी तर काहीच करत नव्हते.

आरती संपली. ह्यांनी अ‍ॅम्पची पिन उपटली. एवढी शांतता, की मखरामागे कुरतडल्याचं ऐकू आलं. मी गिटार बाजूला ठेवली आणि उठले.

"वहिनी, कुठे चाललात?" बाबल म्हणाला.

"नेवऱ्या तळायला."

"बसा, बसा. तो जो सूर होता ना, शेवटचा, खुंटा ठोकल्यासारखा उभा! आमच्या पेटीने असा सूर कधी धरला नाही."

"माझ्या पेटीत चिबूड आहे," दामू म्हणाला. "तुम्ही बोला काय ते."

"विसर्जनापर्यंत तुम्ही आमच्यात, वहिनी," बाबल म्हणाला. दारात जाऊबाईंनी पदराने डोळे टिपले. (चिबडाच्या बिया उडाल्या होत्या, असं त्या म्हणतात.) मला तर हुंदकाच फुटायचा बाकी होता. तेवढ्यात बाबल जवळ सरकला. "फक्त एक विनंती होती."

"सांग ना रे!"

"उंदीर यायच्या आधी तुम्ही जे काय वाजवत होतात ना, ते तेवढं वाजवू नका."

झालं! विसर्जनापर्यंत मी रोज वाजपात बसले, पुरुषांच्या बरोबरीने, नवी साडी नेसून. गिटार मांडीवर घ्यायची, अ‍ॅम्पकडे तोंड करायचं, राक्षस दाबायचा, आणि स्वस्थ बसायचं. आता भजनी सप्ताहाचंसुद्धा आमंत्रण आलंय. तेव्हा उठतेस तर ऊठ बाये, पण सप्ताहाला नक्की ये, नवऱ्याला आणि सासूलाही घेऊन ये. येऊन बघाच एकदा. न वाजवण्यात तुझ्या आतेचा हात धरणारं अख्ख्या डिचोली तालुक्यात कुणी नाही!