चिंचोटीचा लांडगा आणि आमचा इनास

ख्रिश्चनांच्या देवळाची घंटा मयतासाठी सावकाश, एकेक ठोका सोडत वाजायला लागली की आमच्या आळीतल्या लोकांचेही हात थांबतात. त्या सकाळी मी पानवेलीला पाणी सोडत होतो. आजारी कोण आहे, याचा मनात अंदाज घेत होतो, आणि त्यात इनासचं नाव आलंच नाही. आदल्याच संध्याकाळी तो कुंपणापलीकडून ओरडून गेला होता, “वामन्या, माझ्या आंब्यावर धनेश बसलाय, धनेश! सोड ते काम!” मी म्हटलं, उद्या बघू... झोपेतच गेला तो. त्याला दीड महिना झाला, तरी कुणी सायकल जोरात दामटत आलं की मी हातातलं टाकून फाटकाकडे बघतो. इनास सायकलवरून उतरायच्या आधीच बोलायला लागायचा. बातमी त्याच्या पोटात मावतच नसे.

अशीच एक बातमी त्यानं आणली, त्याला पंधराएक वर्षं झाली असतील. तेव्हा घाटावर दुष्काळ होता आणि धनगर नेहमीपेक्षा लवकर मेंढरं घेऊन खाली उतरले होते. चिंचोटी-कामणकडे भातं कापून झालेल्या शेतांत त्यांचे कळप बसायचे. आम्ही दोघं बैलगाडी जोडून त्यांच्याकडून वाडीसाठी लेंडीखत आणायचो. त्या दिवशी तो एकटाच गेला होता. परतला तो गाडी रस्त्यातच उभी करून, धापा टाकत. “लांडगा! अरे, आपल्याकडे लांडगा आलाय! दिवसाढवळ्या बघितला मी!” मी हसलो. आमच्या बाजूला डोंगरात वाघ असतो, म्हणजे बिबट्या. खाडीकडे कोल्हे असतात. लांडगा कुणी बघितला होता? पण इनासनं मला गाडीत कोंबलंच.

धनगरांतला वयस्कर धोंडीबा मात्र आमच्याकडे बघून शांतपणे म्हणाला, “त्यो आलाय आमच्या मागनं. एकलाच हाय. घाट उतरताना कोकरू नेलं त्यानं.” जणू सोबतीचा एखादा माणूस मागे राहिला होता, तो पोचला! इनास आनंदानं टाळ्याच पिटायला लागला. धोंडीबाला तेवढं काही पटलं नाही. “कोकरू माझं व्हतं, बाबा,” तो म्हणाला. इनास वरमला, पण डोळे तसेच चमकत होते.

चिंचोटीत मात्र आनंद करण्यासारखं काही नव्हतं. तिथल्या दोन-तीन घरांतल्या शेळ्या गेल्या होत्या. जनीबाई म्हणून एक विधवा बाई होती, तिची तर सगळी भिस्त एका दुभत्या बकरीवर. लोकांनी ठरवलं होतं, मेलेल्या शेळीत एंड्रिन भरायचं आणि ती माळावर टाकायची. फवारणीचं ते विष घरोघरी होतंच. इनास त्या बैठकीत न बोलावता घुसला, मागोमाग मी.

“विष खाल्लं की जनावराला तहान लागते,” तो म्हणाला. “ते ओढ्यावर जाणार आणि तिथंच मरणार. तुम्ही खाली तेच पाणी भरता ना? शिवाय तुमचे कुत्रे, गिधाडं... सगळी एका दिवसात आडवी होतील.”

जनीबाई उसळली. “तुझा काय जातंय? वसईला बसून बोलतंस. माझी बकरी गेली तं पोरांना दूध कोन देनार?”

इनास तिच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, “तुमची बकरी गेली तर माझी देईन. शब्द माझा. पण विष टाकू नका. धनगर वर जातील, तसा तोही जाईल.”

आणि मग तो कामाला लागला! करवंदीच्या जाळ्या तोडून गोठ्यांभोवती उंच कूड घालायचा, गावच्या शेळ्या धनगरांच्या कुत्र्यांजवळ एकत्र चारायच्या, दिवस कलायच्या आत घरी आणायच्या, मेलेलं ढोर गावाजवळ टाकायचं नाही. आठवड्यातून दोनदा तो वसईहून सायकल हाणत जायचा. हात ओरबाडून निघाले होते, वाडीतली केळी उन्हानं माना टाकत होती आणि त्याची बायको, आमच्या रेमेदवहिनी, त्याच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या.

एका सकाळी त्यानं मला बांधाआड पालथं झोपवलं. ऊन नुकतंच पसरत होतं. आणि तो आला... मातीच्या रंगाचा, मान खाली घालून, कुणाच्या मालकीच्या शेतातून चाललोय याची जराही फिकीर नसल्यासारखा. मधेच थबकला, चारही पाय उचलून उडी मारली आणि बांधातला उंदीर तोंडात धरून उभा राहिला. इनासनं माझं मनगट असं आवळलं होतं की वळ उठले. “बघ! बघ!” तो ओरडलाच शेवटी. लांडग्यानं वळून आमच्याकडे बघितलं. पळाला नाही. बघितलं, आणि चालू लागला. इनास रडत होता, हसतही होता. त्या क्षणापर्यंत मी मैत्रीखातर जात होतो. त्यानंतर मीही करवंदीच्या जाळ्या तोडल्या.

तरीही जनीबाईची बकरी गेलीच. डोंगरउतारावर ती मागं राहिली आणि सापडलं ते फक्त दावं. निरोप आला तेव्हा इनासनं गोठ्यात जाऊन स्वतःची सगळ्यात चांगली, पहिल्या वेताची बकरी सोडली. वहिनी दारात आडव्या आल्या. “खाल्ली लांडग्यानं, आणि कमी झाली आपल्या गोठ्यातली? हा कुठला न्याय?” इनास म्हणाला, “रेमेद, शब्द दिलाय गं.” त्या बाजूला झाल्या; पण त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. आम्ही बकरीला चालवत चिंचोटीपर्यंत नेलं.

पुढं गावातल्या एका तरुणानं एंड्रिनची बाटली बाहेर काढलीच. ती त्याच्या हातातून हिसकावली जनीबाईनं. “त्या मानसानं शब्द राखला. आता आपन राखायचा,” असं म्हणून तिनं ती खोल खड्ड्यात पुरून टाकली. हे धोंडीबानं सांगितलं तेव्हा इनास मेंढरांमध्ये नाचला, अक्षरशः नाचला! उन्हं तापायला लागली तसे धनगर घाटाकडे निघाले. मेंढरं निघून गेली आणि त्यांच्याबरोबरच लांडगाही. एकही गिधाड मेलं नाही. ओढा जसाच्या तसा वाहत राहिला.

त्यानंतर लांडगा परत कुणाला दिसला नाही. पण दर हिवाळ्यात, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की इनास तसाच धुतलेल्या कपड्यांत चिंचोटीच्या माळावर जाऊन बसायचा. कधी मी बरोबर असे, बहुतेकदा नसे. वहिनी कधीच गेल्या नाहीत. बकरीचा राग, म्हणायच्या.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्या आमच्या फाटकाशी आल्या. “भावजी, तो बसायचा ती जागा दाखवता का?” आम्ही एसटीनं गेलो. माळ आता पूर्वीएवढा मोकळा नाही, दगडखाणीच्या ट्रकांची धूळ असते. पण बांध आहे. आम्ही बसलो. मग पलीकडच्या गवतातून काहीतरी मातकट झरझर गेलं आणि मी अर्धवट उठून ओरडलो, “वहिनी, लांडगा!”

त्यांनी पदर कपाळावर धरून नीट बघितलं.

“कोल्हा आहे,” त्या म्हणाल्या. “लांडग्याचे पाय एवढे आखूड नसतात, भावजी. आणि तो शेपूट अशी खाली सोडून पळत नाही.”

हे तर थेट इनासचं बोलणं होतं; मी त्यांच्याकडे वळलो. त्या अजून गवताकडे बघत होत्या, नजर न हलवता, पुढं झुकून.