मडमच्या व्हरांड्यातली उत्तरं

वऱ्हाडाचे हुकूम नागपुराहून सुटत, त्या काळात शेषराव बुलढाण्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. शेतकऱ्याघरचे, पण मॅट्रिक झालेले, आणि इंग्रजी बोलण्यावरच माणसाची किंमत ठरते असं डोक्यात पक्कं बसलेले. त्यांची बायको गोजरबाई जानेफळची. वडिलांमागे आईला ही एकच लेक, आणि आता आईला दिसेनासं झालेलं. शेजारीण भाकरी आणून देई तेवढाच आधार. आईला बुलढाण्याला आणावं, तर जुन्या वळणाची ती बाई जावयाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसे. मग उरला एकच रस्ता, शेषरावांनी मेहकरला बदली मागायची. मेहकराहून जानेफळ म्हणजे बैलगाडीची एक मजल, लेकीला अधूनमधून तरी जाता आलं असतं. शेषरावांनी अर्ज केलाही. बायकोवर माया होती त्यांची, खोटं कशाला बोला.

त्याच सुमारास कचेरीच्या इंग्रज साहेबाच्या मडमने दर गुरुवारी कचेरीतल्या लोकांच्या बायकांना बंगल्यावर चहाला बोलवायचं काढलं. इंग्रजी बोलायला शिका म्हणे. शेषरावांना वाटलं, देव पावला. बायको चार वाक्यं बरी बोलली तर अर्ज मडमच्या तोंडूनच साहेबाच्या कानावर जाईल. गोजरबाईलाही ते पटलं. मराठी दुसरीपर्यंत शिकलेली ती बाई चुलीपुढे बसून इंग्रजी पाठ करू लागली.

मडमचे प्रश्न ठरलेले असत. इथला देखावा आवडतो का? डोंगर जास्त आवडतो की नदी? सकाळ की संध्याकाळ? पहिल्या गुरुवारी गोजरबाई सगळ्या प्रश्नांना 'येस' म्हणाली. डोंगर की नदी, यालाही येस. बाकीच्या बायका पदराआड हसल्या. मडम हसली नाही. तिने समजावलं की एका शब्दावर थांबू नका, का आवडतं ते सांगा, ऐकणाऱ्याला ती जागा दिसली पाहिजे.

आता ही बाई जागा दाखवणार कुठली? बुलढाण्यात येऊन इतके दिवस झाले, पण तिने पाहिलं काय, तर क्वार्टरचं अंगण, अंगणातला आड आणि पलीकडच्या घराची भिंत. हेडक्लार्काची बायको पायी हिंडते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, म्हणून बंगल्यावरही ती पडदा सोडलेल्या बैलांच्या दमणीतून जाई. घाट कसा उतरतो, दरीत ऊन कसं पडतं, हे शेषराव घरी येऊन सांगत आणि तिने ते घोकावं. आवडीचं तर विचारूच नका. लग्न झाल्यापासून हिला काय आवडतं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, आणि आता पडला तो परक्या भाषेत.

नवऱ्याची दरी तिच्या तोंडात बसेना. अडखळे, घामाघूम होई. शेवटी तिने आपल्यापुरती एक युक्ती काढली. आईच्या मळ्याचा बांध आठवायचा आणि नाव बुलढाण्याचं घ्यायचं. नाल्याकाठची बाभळ, ज्वारीवरून येणारा वारा, दिवेलागणीला गावाकडे वळलेली गुरं. वाक्यं आपोआप सुटू लागली. शब्द मोडकेतोडके, पण त्यांत जीव होता. तिने सांगितलं की तिला संध्याकाळ जास्त आवडते, कारण संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात. हे म्हणताना तिचे डोळे भरून आले. मडमने हातातला कप खाली ठेवला. त्या दिवसापासून ती गोजरबाईलाच आधी बोलायला लावी आणि इतरांना सांगे, उत्तर असं असावं.

आणि एका गुरुवारी मडमने सहज विचारलं, बुलढाणा सोडून दुसरीकडे राहायला आवडेल का?

ज्याच्यासाठी सगळी धडपड, तो प्रश्न ताटात वाढून समोर आला. पण मडमच्याच व्हरांड्यात बसून, तिचाच चहा पिऊन, तुमच्या गावात मला राहायचं नाही असं कसं म्हणायचं? आपल्याकडे पाहुणी 'पोट भरलं' म्हणते, तरी घरची बाई पुन्हा विचारते, तिसऱ्यांदा विचारते, तेव्हा कुठे ताट पुढे सरकतं. गोजरबाईने मान खाली घातली आणि म्हणाली, "नो मॅडम. आय लाइक बुलढाणा बेस्ट."

मग ती पुन्हा विचारण्याची वाट पाहत बसली. मडमने विचारलं नाही. त्या लोकांत एकदाच विचारतात.

थोड्याच दिवसांत हुकूम निघाला. मेहकरला दुसरा माणूस गेला आणि शेषरावांना बुलढाण्यातच बढती मिळाली. साहेब त्यांना कौतुकाने म्हणाला की तुमच्या बायकोचा या जागेवर एवढा जीव, तिला इथून कसं हलवू? शेषराव घरी आले आणि टोपी न काढताच ओट्यावर बसले.

"तू मडमले काय सांगतलं?"

"इथंच आवडते म्हणून सांगतलं."

"काऊन?"

"मंग तिच्या घरी बसून आवडत नाही म्हणू?"

शेषरावांनी टोपी काढून बाजूला ठेवली. त्यांच्या घरातल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं.

दोघांनी बसून एक वाक्य तयार केलं, आणि पुढच्या गुरुवारी गोजरबाईने ते धीर करून सांगितलं. आई आंधळी आहे, एकटी आहे. मडमचा चेहरा उतरला. तिने गोजरबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाली की आईला इकडेच घेऊन ये, इथली हवा किती छान, आणि तिला हा देखावा तुझ्यासारखा कोण सांगणार? मोठ्या क्वार्टरचं मी साहेबांशी बोलते. जावयाचं पाणी चालत नाही हे इंग्रजीत कसं म्हणायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. गोजरबाई "थँक यू" म्हणाली. त्या क्षणी तिला वाटलं, दार बाहेरून लागलं.

मोठं क्वार्टर खरंच मिळालं. मडमला नाव ठेवायला जागा नाही, बोलल्याप्रमाणे वागली. आता बदलीचा शब्द काढणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. तरी गोजरबाईने वेडी आशा धरली, मागची खोली सारवून घेतली, बाज टाकली आणि गाडी जानेफळला धाडली.

गाडी रिकामी परत आली. कचेरीतल्या माणसांच्या तोंडून साहेबाचं ते कौतुकाचं बोलणं आधीच जानेफळला पोचलं होतं. गाडीवान पुंजाजीने अंगणात उभं राहून म्हातारीचा निरोप सांगितला.

"तुह्या मायनं सांगतलं बाई, लेकीले तिथंच आवडते म्हणे. साहेबापर्यंत गोष्ट गेली म्हणजे खरीच असन. आता माह्यासाठी मन मारून येऊ नको म्हणा."